घरात राजकारण बंद, म्हणे!

कडूकारले:
काल इथे 'घरातली शांतता टिकवायचे नियम' सांगणारा लेख आला. पहिलाच नियम असा, की जेवताना राजकारण, पैसा आणि फॉरवर्डमधली 'माहिती' हे विषय काढायचे नाहीत. कुणी काढलेच तर हसून दुसरं बोलायचं. खाली 'किती छान लिहिलंय'ची रांग. माझं डोकं तिथेच सटकलं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आमच्याकडे हा नियम कुणी न सांगताच पाळला गेला. मामांचा कारखाना ते पन्नाशीत असताना बंद पडला. त्यानंतर हळूहळू जग तेरा घराणी चालवतात, नोटा तेच छापतात, आजारही तेच सोडतात, असं सुरू झालं. आम्ही काय केलं? हसलो. विषय बदलला. मामांनी आमच्याशी बोलणंच सोडलं आणि दिवसरात्र त्यांचं ऐकून घेणारी माणसं शोधली. ती फोनमध्ये मुबलक मिळतात.

आता २०२२ च्या जागतिक विषमता अहवालातले आकडे बघा. जगातल्या एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के वरच्या दहा टक्क्यांकडे, आणि खालच्या निम्म्या जगाकडे मिळून २ टक्के. मामांनी हा अहवाल वाचलेला नाही, पण त्यातलं वास्तव त्यांनी अंगावर घेतलंय. 'हे असं का?' हा त्यांचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. उत्तर तेवढं भलत्याने दिलं, कारण आम्ही प्रश्नच ताटावर येऊ दिला नाही. आणि याला शांतता म्हणायचं?

गप्पबरा:
तो लेख मला आवडला होता आणि अजूनही आवडतो. बाबा आणि काका एका निवडणुकीवरून असे भांडले, की पुढे बाबा आजारी पडले तेव्हा काका दारातही आले नाहीत. ज्यांच्यासाठी भांडले ते दोन्ही नेते नंतर एकाच पक्षात गेले. तुमच्या आकड्यांनी आमचे काका परत येणार आहेत का?

आणि मत कुणाचं बदलतं? २०१० मध्ये अमेरिकेत नायहन आणि रायफ्लर या संशोधकांनी दाखवलं होतं, की चूक दुरुस्त करून दाखवली की काही माणसं मूळ समजुतीला आणखी घट्ट धरतात.

शेंडेफळ:
@गप्पबरा, तिथेच थांबलात होय? २०१९ मध्ये वुड आणि पोर्टर यांनी डझनावारी विषयांवर तेच तपासलं आणि हा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. २०२४ मध्ये तर कारस्थानांवर विश्वास असलेल्या दोन हजारांवर लोकांना एआयशी बोलायला लावलं. त्यांचा विश्वास सरासरी वीसेक टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनीही तसाच घटलेला राहिला. मत हलतं. फक्त समोरच्याने नेमका त्यांचाच मुद्दा ऐकून त्यालाच उत्तर द्यावं लागतं. आपण तीन वाक्यांत 'अहो काहीही काय' वर येतो.

गप्पबरा:
छान. म्हणजे काकांना आता यंत्रासमोर बसवतो. नात्याचं काय, तेही यंत्र जोडून देईल?

तारयंत्र:
धागा काढणाऱ्याने 'तेरा घराणी' म्हणून मामांची टर उडवली नाही हे बरं केलं. पण तुम्ही सगळे कारस्थान म्हटलं की आधीच ओठ मुरडून बसता. फीबस या बल्ब कंपन्यांच्या संगनमताचं नाव ऐकलंय? डिसेंबर १९२४, जिनिव्हा. ओस्राम, फिलिप्स वगैरे मंडळी एकत्र बसली आणि ठरवलं की बल्ब हजार तासच चालला पाहिजे. त्याआधी दीड-दोन हजार तास चालत. कुणाचे बल्ब जास्त टिकले तर त्या कंपनीला दंड! कागदपत्रांसह सिद्ध झालेलं आहे. मी आयुष्य वीजक्षेत्रात काढलं. घरात हे सांगितलं की मेहुणे मला 'बल्बवाले' म्हणतात.

अधिकउणे:
अर्धंच सांगितलंत. तार जितकी तापेल तितका तेवढ्याच विजेत उजेड जास्त, पण ती लवकर जळणार. टिकाऊ बल्ब म्हणजे मिणमिणता बल्ब, आणि वीजबिल तुमच्या माथी. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये हा मुद्दा मान्य केला होता. हजार तास हा कुठेतरी काढलेला मध्य होता.

तारयंत्र:
मध्य होता तर दंड कशाला? ज्याला मंद पण टिकाऊ हवा त्याला तो मिळू द्यायचा की. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा बल्ब अजून जळतोय.

अधिकउणे:
जळतोय, चारेक वॉटवर! त्याखाली बसून पेपर वाचून दाखवा. शिवाय तो सहसा बंदच करत नाहीत, आणि तारेला त्रास होतो तो चालू-बंद करण्याने. वीजक्षेत्रात आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

तारयंत्र:
तुम्ही कंपनीचे वकील आहात का? स्पष्ट सांगा, म्हणजे पुढची मेहनत वाचेल.

अधिकउणे:
झालं. पटलं नाही की समोरचा विकला गेलेला. मामांमध्ये आणि तुमच्यात फरक काय राहिला मग?

तारयंत्र:
फरक हा, की माझ्याकडे करार आहे. हजार तास, परीक्षण, दंड. तुम्ही भौतिकशास्त्रामागे लपताय.

शेंडेफळ:
एलईडीचंही तेच आहे हो. दिवा ठणठणीत असतो, आतला ड्रायव्हर (त्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग) आधी मरतो आणि तो बदलता येत नाही. (मीही बल्बातच शिरलो. क्षमस्व.)

तिसरीखुर्ची:
बल्ब विझवा जरा. दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलंय की जेवायला बसलेले सगळे सारखे. आमच्याकडे सासरे बोलतात, नवरा अधूनमधून हरकत घेतो आणि मी तोंड उघडलं की 'हे तुला कुणी शिकवलं?' नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी घराचे हप्ते सासऱ्यांनी भरले. त्या वर्षी नवऱ्यालाही मतं नव्हती. सासऱ्यांची जी मतं, तीच त्याची. हप्ते तो स्वतः भरायला लागला आणि त्याला आपोआप अर्थव्यवस्था कळू लागली. जगाच्या ७६ टक्क्यांवर जरूर बोला, पण घरात कुणाच्या पैशावर कोण गप्प आहे तेही कधी बघा.

गप्पबरा:
मग हा माझाच मुद्दा झाला ना? म्हणून तर विषयच नको.

तिसरीखुर्ची:
तुमचा मुद्दा अजिबात नाही. विषय बंद केला तरी सासरे थांबत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते राजकारण नसतंच. ते 'सांगतात'. राजकारण मी करते, उत्तर दिलं की. तुमचा नियम फक्त उत्तर देणाऱ्याला लागू होतो. तुमच्याकडे बाबा-काका भांडत होते तेव्हा आई काय म्हणत होती, हे तुमच्या प्रतिसादात कुठे आहे?

गप्पबरा:
आईला त्यात पडायचं नव्हतं.

तिसरीखुर्ची:
विचारलं होतं?

गप्पबरा:
नाही. पण तुम्ही माझ्या घराचा पंचनामा करू नका.

कडूकारले:
@तिसरीखुर्ची, हे मी लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. मामी त्या गप्पांच्या वेळी कायम आतल्या खोलीत असायच्या. @गप्पबरा, काकांचं वाईट वाटलं, पण ते निवडणुकीमुळे गेले असं मला अजूनही वाटत नाही. भावांचं आधीचं काहीतरी शिल्लक असतं, निवडणूक निमित्त होते.

गप्पबरा:
असेल. जमिनीचं होतं थोडं. खूश?

कडूकारले:
म्हणजे पैशाचंच. ज्यावर बोलायचं नाही असा नियम आहे तेच.

गप्पबरा:
घ्या, जिंकलात. काकांना कळवतो.

तारयंत्र:
दंडाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

अधिकउणे:
दंडाचं मान्य. तेवढंच. लिव्हरमोरचं नाही म्हणजे नाही.