घरच्या ध्यानाला वंदनेची जोड द्यावी का?

प्रश्न (नरेंद्रनगर)
सर्वांना जय भीम. नागपूरजवळच्या माहुरझरीतील धम्म नाग या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांचे शिबिर करून आल्यापासून पहाटेचे आनापान (श्वासावर लक्ष ठेवणे) आणि विपश्यना (शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे) नियमाने सुरू आहे. शिबिरात उदबत्ती, दिवा, जपमाळ, मंत्र, उपवास हे सारे तेवढ्या काळापुरते बाजूला ठेवायला सांगतात आणि त्यामुळे मन खरोखरच श्वासाला धरून राहिले. घरी मात्र डोळे मिटताच मुलांचा डबा आणि ऑफिसची कामे समोर उभी राहतात. आई म्हणते, आधी मूर्तीपुढे फूल ठेव, त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीलांचा स्वीकार) म्हण, मग बस. असे केल्याने साधनेत भेसळ होईल का?

उत्तर (इंदोरा)
ताई, पद्धतीची पारख तिच्या शुद्ध रूपात व्हावी यासाठी शिबिरात इतर सारे थांबवलेले असते. त्यात वंदनेला कमी लेखण्याचा हेतू नसतो. शिबिराची सुरुवातही त्रिसरण आणि शील घेऊनच होते. मला विशेष सांगावेसे वाटते ते पुष्पपूजेच्या गाथेविषयी: ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’, म्हणजे हे फूल जसे कोमेजते तसा माझा देहही नाशाकडे जातो. आपल्याकडच्या वैशाखात सकाळी वाटीत ठेवलेला मोगरा दुपारपर्यंत कडांनी तपकिरी पडतो, पाकळ्या पाण्याला चिकटतात. ती वाटी रोज आपल्या हाताने रिकामी करणाऱ्याला अनित्यता वेगळी शिकवावी लागत नाही. बसल्यावर संवेदनांमध्ये आपण जे पाहतो, तेच हा विधी डोळ्यांना दाखवतो. मग भेसळ कशाची?

उत्तर (कामठी रोड)
वरील मताशी सहमत आहे, तरी एक सावधगिरी हवी. केवळ कर्मकांडाने मुक्ती मिळते ही समजूत, म्हणजे शीलव्रतपरामर्श, दहा संयोजनांपैकी, म्हणजे मनाला जखडणाऱ्या बंधनांपैकी, एक मानली आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि नंतर लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान नाकारले; म्हणजे विधी मुळातूनच टाकून न देता, ज्याचा अर्थ उमगतो आणि ज्याने आचरण बदलते, तोच त्यांनी ठेवला. म्हणून मोबाइलवर वंदना लावून स्वयंपाक करण्यापेक्षा एकच गाथा स्वतःच्या तोंडाने, सावकाश म्हणावी. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून विहारात जाणे आणि अष्टशील (आठ शीले) पाळणे हेही तितक्याच जाणीवेने व्हावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पाली गाथा लहानपणापासून पाठ आहेत, परंतु त्यांचा अर्थ घरात कोणी कधी समजावला नाही. पालीनंतर मराठी अर्थ म्हटला तर चालेल का?

उत्तर (इंदोरा)
अवश्य म्हणावा, आणि मुले जागी असतील तर त्यांनाही सोबत घ्यावे.