मांडवीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश का नाही?

वाळपईवाला:
मुलगी नववीत आहे, भूगोलात सध्या नदीचं कार्य चाललंय. पुस्तकातली आकृती अशी की उगमाकडे घळई न् धबधबे, मधे नागमोडी वळणं, पूरमैदान, आणि शेवटी मुखाशी त्रिभुज प्रदेश. तिने विचारलं, बाबा आपली म्हादई, म्हणजे मांडवी, पणजीला समुद्राला मिळते तिथे त्रिभुज प्रदेश कुठे आहे? दिवाडी आणि चोडण ही बेटं म्हणजेच तो का? मला नीट कारण सांगता येईना. तिला पाठ करून नकोय, समजून घ्यायचंय, म्हणून इथे विचारतोय.

भूगोलमास्तर:
फार चांगला प्रश्न आहे, तिला शाबासकी द्या. दोन गोष्टी बघा. एक म्हणजे म्हादई आखूड नदी. खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला उगम, आणि शंभर किमी पण न वाहता ती समुद्राला येऊन मिळते, म्हणजे गाळही त्या मानाने कमीच आणते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम, ती मात्र पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं, तिथे कृष्णेचा मोठा त्रिभुज प्रदेश आहे. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन बाजूंना जाऊन दोन वेगळी कामं करतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साधारण २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, किनारा खूप पश्चिमेला होता, आणि नद्या तिथपर्यंत खोल दरी कोरत जायच्या. मग बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि त्या दरीत शिरला. पणजीला एवढं रुंद पात्र दिसतं ना, ती खरं म्हणजे बुडालेली दरी आहे, शेजारच्या जुवारी नदीचंही तसंच. आता नदी गाळ आणते तो आधी ती दरी भरण्यातच जातो, वर भरती-ओहोटी रोज दोनदा पाणी आतबाहेर करते आणि पावसाळ्यातल्या लाटा मुखाशी काही टिकू देत नाहीत. म्हणून इथे खाडी. नर्मदा, तापी एवढ्या मोठ्या नद्या, त्यांच्या मुखाशीसुद्धा खाडीच आहे.

दिवाडकार:
बेटांबद्दल मी सांगतो कारण मी तिथलाच. दिवाडीला मधे पिदादचा डोंगर आहे, चांगला जांभ्या दगडाचा, तो काय नदीने आणून टाकलेला नाही, पाणी वर चढलं तेव्हा डोंगर तेवढा बाहेर राहिला. गाळाची सपाट जमीन खाली काठाला आहे आणि तीच आमची खाजनं. तिथे नुसत्या नदीचं काम नाही बरं का, पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून ती जमीन खाऱ्या पाण्यातून सोडवली, मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची झडपेसारखी दारं, बसवल्या. भरती आली की पाण्याच्या जोरानेच मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. थोडा खारेपणा सोसणारं कोरगुट भात तिथेच पिकायचं. आता बांध फुटला आणि कोणी वेळेत बुजवला नाही तर शेतात खारं पाणी येतं, मग दोनचार वर्षांत तिवरं उभी राहतात, आणि ते शेत परत मिळवणं फार कठीण. मुलांना हे पुस्तकात शिकवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बार्जवर होतो:
गाळ दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. आग्वाद किल्ल्याच्या बाजूला मांडवीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात त्याच्यावर लाटा फुटतात. म्हणून पावसात खनिजाच्या बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत आणि मग मुरगाव बंदराला जायच्या.

वाळपईवाला:
सगळ्यांचे आभार, बुडालेली दरी ऐकून ती नकाशा घेऊनच बसली. वरच्या टप्प्यातलं काही दाखवायला कुठे नेऊ?

भूगोलमास्तर:
दूधसागर, ३१० मीटर, आणि ती नदीही पुढे खांडेपार होऊन मांडवीलाच मिळते, त्यामुळे गोष्ट एकच राहील. लांब वाटलं तर चोर्ला घाटात थांबा, पावसात तिथून धबधबे आणि व्ही आकाराची दरी दोन्ही दिसतात, फक्त कड्याच्या टोकाला जाऊ नका. नंतर ओहोटीची वेळ बघून दिवाडीच्या फेरीबोटीत बसवा, काठचा चिखल उघडा पडलेला असतो. आणि पेपरात त्रिभुज प्रदेश विचारला तर तिला गंगा किंवा कृष्णा लिहायला सांगा, खाडीला मांडवी-जुवारी चालतील.