पगारी नोकराने लावलेल्या शोधाच्या नफ्यात त्याचा वाटा असावा का?

नारळीबाग

घरात मधुमेहाचा पेशंट असेल तर ती पट्टी ओळखीची असेल. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीच्या कडेला लावायचा, पट्टी रक्त स्वतःच आत ओढून घेते आणि मशीनवर आकडा येतो. या केशाकर्षणाच्या युक्तीमागे इयन शँक्स नावाचा संशोधक आहे. १९८२ साली तो युनिलिव्हरच्या इंग्लंडमधल्या कोलवर्थच्या प्रयोगशाळेत कामाला होता. पगार वर्षाला १८,००० पौंड आणि एक व्होल्वो गाडी. पहिला नमुना त्याने घरी बनवला. साहित्य काय, तर मायलारची (पातळ प्लॅस्टिकची) फिल्म, मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणि त्या धरून ठेवायला कागदांना लावायचे बुलडॉग क्लिप!

पेटंट अर्थात कंपनीचं झालं. ज्या उपकंपनीत तो नोकरीला होता तिने ते मूळ कंपनीला १०० पौंडांत दिलं. पुढे परवाने वगैरेंतून कंपनीला सुमारे २.४ कोटी पौंड मिळाले. ब्रिटनच्या १९७७च्या पेटंट कायद्यात एक सोय आहे: मालकी कंपनीचीच, पण पेटंटचा कंपनीला असाधारण फायदा झाला असेल तर नोकराला न्याय्य वाटा द्यायचा. शँक्सने २००६ साली दावा लावला आणि तो लागोपाठ तीन पायऱ्यांवर हरला. का, तर युनिलिव्हरच्या अवाढव्य उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ. म्हणजे मालक जितका गडगंज तितका नोकराचा हक्क बारीक. शेवटी २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडीत काढला आणि त्याला २० लाख पौंड मिळाले.

आपल्याकडे १९७०च्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाबद्दल असं एकही कलम नाही. मालकीबद्दल माझी तक्रार नाही. वाट्याची सोय मात्र कायद्यातच हवी. तुमचं काय मत?

कारखानदार

साफ असहमत. माझं अंबरनाथला छोटं केमिकल युनिट आहे. आर अँड डीमध्ये तीन केमिस्ट. जीएलआरमध्ये (काचेचं अस्तर असलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये) बॅच बसली नाही की कच्चा माल, सॉल्व्हंट, वीज आणि वर ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च, सगळं माझ्या बोडक्यावर. फसलेल्या बॅचचे पैसे कोणा केमिस्टने पगारातून भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तोटा माझा एकट्याचा आणि फायदा आला की आपण सगळे भागीदार, हे कसं चालेल?

शिवाय वाटा नेमका कोणाचा? कल्पना एकाची, ती प्लांटवर चालवून दाखवणारा दुसरा, गिऱ्हाईक पटवणारा तिसरा. पेटंटवर नाव फक्त पहिल्याचं येतं. उरलेल्यांनी काय घोडं मारलंय?

चाकणकर

कारखानदार साहेब, पगारातून तोटा कोणी भरत नाही हे खरं. पण मंदी आली की कोणाची खुर्ची आधी जाते? तोच हो आमचा तोटा.

माझा अनुभव. जॉइनिंगच्या दिवशी एचआरने गठ्ठा पुढ्यात ठेवला. पीएफचा फॉर्म, मेडिक्लेमचं नॉमिनेशन, बँकेचं खातं आणि बावीस पानी करार. 'इथे, इथे आणि इथे सही.' मागे रांगेत सहा जण उभे. करारातलं चौदावं कलम मी दोन वर्षांनी वाचलं: नोकरीच्या काळात, कामाच्या वेळेत वा वेळेबाहेर, कंपनीच्या जागेत वा अन्यत्र, जे काही सुचेल ते कंपनीचं. आमची कंपनी गाड्यांचे ब्रेक बनवते. मी रविवारी गावी जाऊन वडिलांच्या डाळिंबाच्या बागेसाठी ठिबकचा एक व्हॉल्व्ह बनवला, क्षार साचला की स्वतःच धुऊन काढणारा. पेटंटसाठी कंपनीचं ना-हरकत पत्र मागितलं. उत्तर आलं, 'कलम १४ पाहावे.' ब्रेकचा आणि डाळिंबाचा काय संबंध, सांगा!

काळा कोट

थोडा कायदा, कारण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. कॉपीराइट कायद्याच्या १७ (क) कलमाप्रमाणे नोकरीचं काम म्हणून लिहिलेलं, एरवी काही ठरलेलं नसेल तर, थेट मालकाचं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना हेच लागू. पेटंट कायद्यात असं आपोआप काही होत नाही. सहाव्या कलमात अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाला किंवा त्याने ज्याच्या नावे हक्क करून दिला त्याला. ६८व्या कलमाप्रमाणे पेटंटचं हस्तांतरण लेखी लागतं. म्हणून तर तो बावीस पानी गठ्ठा.

चाकणकर, तुमच्या व्हॉल्व्हचा कंपनीच्या धंद्याशी, साधनांशी, माहितीशी संबंध नसेल तर एवढ्या ऐसपैस कलमाला आव्हान देता येण्यासारखं आहे. निकालाची खात्री कोणीच देणार नाही. कधी, कुठे, कोणत्या पैशाने बनवला याची नोंद, पावत्या आणि तारखेचे फोटो आहेत का?

चाकणकर

पावत्या आहेत. फोटोही आहेत, वडिलांच्या फोनवर.

प्रयोगशाळेतला उंदीर

विद्यापीठांचं कोणी बोलतच नाही. तिथे तिसरा पक्ष असतो: जनतेचा पैसा.

स्टॅनफर्डचं प्रकरण घ्या. मार्क होलोड्नी १९८८ साली तिथे संशोधक म्हणून लागला. विद्यापीठाच्या करारावर सही केली की माझे शोध तुमच्या नावे 'करून देईन'. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र शिकायला त्याला सीटस नावाच्या कंपनीत पाठवलं. आत शिरण्याआधी तिथेही एक कागद सहीला आला, पाहुण्यांचा गोपनीयता करार. त्यात होतं, 'करून देईन आणि याद्वारे करून देत आहे'. नऊ महिन्यांत रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजायची पद्धत त्याने तिथे तयार केली. विद्यापीठात परतल्यावर तिच्यावर आणखी काम झालं, स्टॅनफर्डला तीन पेटंटं मिळाली. दरम्यान १९९१ साली सीटसचा पीसीआरचा पसारा रॉशने विकत घेतला. २००५ साली स्टॅनफर्डने रॉशवर दावा लावला तेव्हा पाहुण्याचा कागद भारी ठरला. नोकरीच्या करारातलं नुसतं वचन होतं, दुसऱ्यात त्याच क्षणी दिलेलं दान.

विद्यापीठाचा बचाव असा की संशोधनाला सरकारी निधी होता, १९८०च्या बे-डोल कायद्याने मालकी आमच्याकडेच येते. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला: शोध मुळात संशोधकाचा, सरकारी पैशाने तो आपोआप विद्यापीठाचा होत नाही. मला स्वतःला न्यायमूर्ती ब्रायर यांचं विरोधी मत जवळचं वाटतं. एकाच शोधासाठी जनतेने दोनदा पैसे का मोजावेत?

जाता जाता: पीसीआरची मूळ कल्पना ज्याची, तो कॅरी म्युलिस याच सीटसचा नोकर. त्याला बोनस मिळाला १०,००० डॉलर. कंपनीने पीसीआर विकलं ३० कोटी डॉलरला. १९९३ साली नोबेल मिळालं म्हणून बरं.

नारळीबाग

म्युलिसचं वाचून नाकामुरा आठवला. जपानच्या निचिया कंपनीत त्याने निळा एलईडी बनवला, कंपनीने हातावर २०,००० येन टेकवले. तो कोर्टात गेला. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितले. आता बोला!

कारखानदार

बोलतो की. अर्धीच गोष्ट सांगितलीत. वरच्या कोर्टात पुढच्याच वर्षी सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. ज्या पेटंटवरून हे रामायण झालं त्यावर निचियाने २००६ साली पाणी सोडलं, आम्हाला त्याची गरज नाही म्हणून. आणि कोपऱ्यातल्या एका लहान कंपनीच्या मालकाने या वेड्या प्रयोगावर कोट्यवधी येन लावले होते, ते कोण मोजणार? शेवटी जपानने २०१५ साली कायदाच बदलला. आधी तसं ठरवून ठेवलं असेल तर शोधाचा हक्क आता सुरुवातीपासून कंपनीचा. अनुभवाने शहाणे झाले ते.

नारळीबाग

आणि त्याच दुरुस्तीत नोकराला वाजवी मोबदला मिळण्याचा हक्क शाबूत ठेवला, हे कोण सांगणार? मालकी कंपनीची, वाटा नोकराचा. मी पहिल्या पोस्टीत वेगळं काय म्हटलं होतं?

कारखानदार

ठीक. वाट्याला माझी ना नाही. गेल्या साली एका केमिस्टच्या युक्तीने यिल्ड (तेवढ्याच कच्च्या मालातून निघणारा माल) वाढलं, त्याला मी दिवाळीला वेगळं पाकीट दिलं. पण ते माझं मी ठरवीन, फार तर करारात लिहीन. कायद्याचं लचांड नको. माझ्यासारख्याला तीन केमिस्टमागे एक वकील ठेवावा लागेल.

काळा कोट

धंदा वाढेल माझा, मी कशाला नाही म्हणू! :)

नारळीबाग

करारात लिहीन म्हणता, पण करार कोण लिहितं? चाकणकरांच्या मागे रांगेत सहा जण उभे होते. म्हणूनच ब्रिटिश कायद्यात पुढचं कलम आहे की शोधावरचा नोकराचा हक्क आधीच कमी करणारी अट लागूच होत नाही, सही असली तरी. जर्मनीत १९५७पासून वेगळा कायदाच आहे, तिथेही नोकराच्या तोट्याची अट आगाऊ घालता येत नाही. तरी जर्मनीत केमिकलचे कारखाने काही बंद पडले नाहीत.

कारखानदार

जर्मनीतल्या कारखान्यांचा आकार बघा आणि माझा बघा. ठरावीक उलाढालीच्या खालच्यांना सूट द्या, मग बोलू.

चाकणकर

काळा कोट, व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. पावत्यांचे फोटो जोडलेत. डाळिंबवाल्या दुकानदाराने एक बिल वडिलांच्या नावाने फाडलंय, ते चालेल का?