डाव्या स्टिअरिंगची १९६८ ची स्पिटफायर, उजवीकडे करून घेऊ का तशीच ठेवू?

राजवाडा_सातारा

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मामाआजोबांची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे आलीय. १९६८ ची, डाव्या स्टिअरिंगची. ते परदेशात नोकरीला होते, येताना गाडी घेऊन आले, कस्टमची कागदं आणि जुनं आरसी बुक अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहे, फक्त आरसीची मुदत कधीच संपलीय. आजोबा गेल्यापासून गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. लहानपणी आम्ही सगळी भावंडं त्यात बसून गिअर हलवायचो आणि ते अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडायचं त्याचं भारी कौतुक वाटायचं, म्हणून विकायच्या आधी मामांनी मला विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. इंजिन हाताने फिरतंय, जाम नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचा स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) याला बसतो, दोन महिन्यात उजवीकडे करून देतो. वडिलांचंही तेच, म्हणतात रहिमतपूर रोडला उसाच्या ट्रॉलीमागे अडकलास तर समोरचं दिसणार कसं तुला. मला गाडी आजोबांनी चालवली तशीच ठेवायचीय, पण घरच्यांची काळजी चुकीची आहे असं पण म्हणवत नाही. आपल्या रस्त्यावर डाव्या स्टिअरिंगची गाडी कोणी खरंच चालवलीय का?

हेराल्डवाला_सांगली

मिस्त्री खरं सांगतायत. स्पिटफायर हेराल्डच्याच सांगाड्यावरून निघालेली गाडी, दोन्हीचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये बनायची. स्पिटफायरच्या मार्क थ्रीपर्यंत मीटर पण डॅशच्या मधोमध आहेत, म्हणजे स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असलं तरी डॅश तोच. त्यामुळे बसवायला बसेल. पण एकटा रॅक हलत नाही, त्याच्याबरोबर कॉलम (स्टिअरिंगचा दांडा), पेडल, ब्रेक क्लचचे मास्टर सिलिंडर, पाइप, वायरिंग सगळं इकडचं तिकडे करावं लागतं आणि एवढं खोललं की ती गाडी पुन्हा आजोबांची राहत नाही. माझं स्पष्ट मत, करू नका.

हेराल्डचे पार्ट शोधायचेच तर पुढच्या ट्रनियनसाठी शोधा. पुढच्या चाकाचा उभा लिंक खाली ज्या पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो ना, तो. त्यात ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल जातं, कंपनीच्या पुस्तकात तसंच दिलंय. आमच्या हेराल्डला गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ग्रीस मारत होते, ते आत घट्ट झालं, आटे कोरडे पडले, आणि विश्रामबागला वळताना उभा लिंक खालून तुटून चाक आडवं झालं. वेग नव्हता म्हणून आई आणि मी वाचलो. आज पण तिथून जाताना मला ते आठवतं. तुमची गाडी इतकी वर्षं उभी आहे तर ट्रनियन उघडून बघितल्याशिवाय गेटबाहेर काढू नका, हात जोडून सांगतो. एका बाजूचे आटे उलटे आहेत, जोर लावायच्या आधी बघून घ्या.

पेट्रोलचे जुने रबरी पाइप पण काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. इथेनॉल चालणारे पाइप घाला आणि दोन्ही एसयू कंपनीच्या कार्बोरेटरची सीलं पण बदला.

कोरेगावची_जीप

चालवलीय की, रोज. आमच्याकडे लढाईच्या काळातली विलीज जीप होती, अमेरिकन आर्मीची त्यामुळे डावं स्टिअरिंग, वडिलांनी मळ्यातून सगळीकडे नेली आणि मी पण तिच्यावरच शिकलो. क्लच ब्रेक अ‍ॅक्सिलरेटर तिथेच असतात, फक्त गिअर उजव्या हाताने टाकायचे आणि पहिला गिअर आपल्या बाजूला ओढून. आठवडाभरात हात बसतो.

ओव्हरटेकचं मात्र वडील बरोबर बोलतायत. ट्रॉलीच्या बुडाला चिकटून बसलात तर समोरचं बघायला अख्खी गाडी पलीकडच्या लेनमध्ये घालावी लागते आणि तिथेच घात होतो. चांगलं लांब राहायचं, तीन चार गाड्यांचं अंतर ठेवायचं, मागचे कितीही हॉर्न मारोत. रस्ता डावीकडे वळत असेल तेव्हा आपण डावीकडे बसलेलो असल्याने ट्रॉलीच्या आतल्या बाजूने पुढचं बरंच दिसतं, ते बघून ठेवायचं आणि सरळ रस्ता लागला की मग निघायचं. शेजारी माणूस असेल तर तो "या" म्हणाला म्हणून कधीच निघू नका, त्याला आपल्या गाडीचा पिकअप माहीत नसतो.

अजून एक, हेडलाइट. बाहेर उजवीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकसाठी असतील तर डिपरचा झोत उजवीकडे उचललेला असतो, आपल्याकडे तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. सात इंची गोल दिवे आहेत, अँबेसिडर आणि जीपचा तोच साइज, आपल्या बाजूचे घेऊन टाका. जुने जपून ठेवा.

मिरज_जंक्शन

कागदांचं थोडं सांगतो. डावं स्टिअरिंग चालतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२० बघा, सिग्नल देणारं यंत्र म्हणजे इंडिकेटर चालू स्थितीत पाहिजे ही अट आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी येते, इम्पोर्टेड पण येते, पण ती मूळ रूपात पाहिजे, चासी बॉडी इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्हाला दर रविवारी कासला जायचं असेल तर आधी जुनी आरसी रिन्यू होते का ते आरटीओत विचारा, व्हिंटेजचा अर्ज त्यानंतर. कस्टमची कागदं लॅमिनेट करू नका.

राजवाडा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना जीपवाल्या दादांचं वाचून दाखवलं, ते दोनदा वाच म्हणाले, आणि मग म्हणाले आधी मला शेजारी बसवून मळ्यात चालवून दाखव, मग बघू. मिस्त्रींना रॅक बदलायचा नाही म्हणून सांगितलं.

हेराल्डवाले काका, काल ट्रंक परत उपसली तर आजोबांची एक वही मिळाली. पेट्रोल, किलोमीटर, टायर सगळं तारखेसकट लिहिलंय, आणि दर काही महिन्यांनी एक ओळ "ट्रनियन, ऑइल". तुमचं वाचलं नसतं तर मला कळलंच नसतं ते काय आहे. शेवटची नोंद मार्च १९९६ ची. येत्या रविवारी उघडतोय, उलटे आटे कुठल्या बाजूला ते कसं ओळखू?

हेराल्डवाला_सांगली

अंदाजाने नका फिरवू. आधी डिझेलने धुऊन घ्या, आटे वर जिथे उघडे दिसतात तिथे त्यांचा कल कळतो. मीच येतो रविवारी सकाळी, माझ्याकडे ऑइल भरायची गन आहे, ऑइल पण आणतो. वही बाहेर काढून ठेवा, बघायचीय मला.