मदत हवी आहे: कोरोनरी फिस्टुला, कॉइल की ऑपरेशन?

दादाला (वय ४६) वर्षभर जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतंय. दोन मजले झाले की कठड्याला धरून उभा राहतो, मिनिटभरात ओसरतं. ईसीजी नॉर्मल, म्हणून सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर गेले. मीच तेव्हा हट्ट धरायला हवा होता.

नवीन डॉक्टरांना स्टेथोस्कोपने सलग घरघर ऐकू आली, मग सीटी अँजिओग्राफी झाली. ब्लॉकेज एकही नाही! पण हृदयाच्या डाव्या धमनीतून एक नागमोडी फांदी निघून थेट फुप्फुसाच्या धमनीत उघडते; यालाच कोरोनरी फिस्टुला म्हणतात. बहुधा जन्मजात, म्हणाले. मला कळलं ते असं, की रक्त स्नायूपर्यंत पोचण्याआधीच कमी दाबाच्या बाजूला पळतं आणि श्रम पडले की स्नायू उपाशी राहतो. स्ट्रेस थॅलियममध्येही (हृदयावर ताण देऊन स्नायूचा रक्तपुरवठा पाहणारी तपासणी) त्या भागाला रक्त कमी पडताना दिसलं.

फिस्टुला लहान असला आणि त्रास नसला तर नुसतं लक्ष ठेवतात. इथे त्रास आहे, त्यामुळे बंद करायचं ठरलंय. पण कसं? एक डॉक्टर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवायची बारीक नळी) कॉइल, म्हणजे ती फांदी आतून बुजवणारी तारेची गुंडाळी, टाकू म्हणतात. सर्जन म्हणतात, तोंडं दोन आहेत, वळणं फार, छाती उघडून बांधलेलं बरं. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

यातून कुणी गेलंय का? कॉइलनंतर दुखणं खरंच थांबलं का? कॉइल सरकली किंवा थोडी गळती राहिली असं झालं का? तिसरं मत घ्यायचं तर फक्त सीटीची सीडी पुरते, की कॅथेटर अँजिओग्राफीही लागते?