मदत हवी आहे – पुण्यात चांगला हार्टचा डॉक्टर सांगा (जरा अर्जंट)

सायली_बाणेर
नमस्कार, पुण्यात चांगला कार्डिओलॉजिस्ट कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. बाणेर-औंध साइडला असेल तर बरं, नाहीतर कुठेही चालेल पण शनिवारी भेटणारा हवा. धडधड होते, मध्येच श्वास पुरत नाही असं वाटतं, हाताला मुंग्या येतात. ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट नीट बघितले पण नाहीत, ॲसिडिटीची गोळी दिली आणि "मॅडम टेन्शन घेऊ नका" म्हणाले. मला टेन्शन नाहीये, सगळं व्यवस्थित चालू आहे. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या प्रोजेक्टचं रिलीज आहे, त्याआधी हे निपटायचंय. फक्त नावं द्या, घरगुती उपाय नकोत.

अभ्या_हडपसर
वय किती, कधीपासून, बीपी-शुगर, थायरॉइड, घरात कुणाला हार्टचं आहे का? काहीच न लिहिता नाव सांगा म्हणे.

पेठेतले_नाना
रोज पहाटे तळजाई टेकडीला एक चक्कर आणि अनुलोम-विलोम. रात्री दुधातून अश्वगंधा. पंधरा दिवसांत फरक. डॉक्टर लोक उगाच टेस्ट करत बसतात.

सायली_बाणेर
नाना, घरगुती नको असं वर लिहिलंय. वय ३८, बीपी-शुगर नॉर्मल, थायरॉइड केलेलं नाही. बाबांना बायपास झालीये म्हणूनच विचारतेय ना.

गार्गी_सहकारनगर
मग बापाची हिस्टरी आधी लिहायची ना! दुसरं मत नक्की घ्या. बायकांना छातीचं काही झालं की "टेन्शन" म्हणून घरी पाठवायची पद्धतच आहे. माझ्या मावशीला दोन ठिकाणी ॲसिडिटी म्हणून परत पाठवलं आणि तिसऱ्या ठिकाणी ब्लॉकेज निघालं. बायकांमध्ये लक्षणं नेहमी पुरुषांसारखी असतीलच असं नाही.

मुक्ता_के
धडधड जिना चढताना होते की बसल्या बसल्या?

सायली_बाणेर
बसल्या बसल्या. मागच्याच महिन्यात सिंहगड चढून आले, पाय दुखले, बाकी काही नाही. रविवारी दुपारनंतर जास्त होतं. आणि रात्री अडीच-तीनला जाग येते तेव्हा.

अभ्या_हडपसर
गड चढताना काही नाही आणि रविवारी संध्याकाळी धडधड. ताई, हे हार्ट नाही, हे सोमवार आहे.

गार्गी_सहकारनगर
अभ्या, तू डॉक्टर आहेस का? इंटरनेटवरून निदान करू नकोस.

अभ्या_हडपसर
मावशीच्या केसवरून तू पण तेच करतेयस की.

कोडवाला_पुणे
हिंजवडीला आहात का? ट्रॅफिकनेच निम्मी धडधड होत असणार. आमच्याकडे ओपनिंग आहे, फुल रिमोट, रेझ्युमे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठेतले_नाना
मेट्रो झाली की हिंजवडीचा प्रश्न सुटेल.

कोडवाला_पुणे
नाना, मेट्रो होईपर्यंत आम्ही रिटायर होऊ.

डॉक्टरकाकू
मेट्रोचा वेगळा धागा काढा. सायली, मी फॅमिली फिजिशियन होते, आता निवृत्त. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि हिमोग्लोबिन आधी कर. थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा रक्त कमी असेल तरी अशीच धडधड होते. ईसीजी फक्त त्या क्षणाचा असतो, म्हणून २४ तासांचं होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन) लावून घे. गार्गीचं म्हणणं खोटं नाही, वडिलांची हिस्टरी आहे तर हृदय नीट तपासलंच पाहिजे. छातीत दाबल्यासारखं होऊन दरदरून घाम आला तर धागा न काढता सरळ इमर्जन्सीला जायचं. पण हे करताना मनाची बाजूही बघ. एकीसाठी दुसरी थांबवायची गरज नाही. आणि नाना, अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलू शकतात, टेस्टच्या आधी कुणालाही सुचवू नका.

मुक्ता_के
काकू +१. सायली, झोप, दात, केस, पोट यांचं काय? आणि रात्री जाग आली की काय करतेस?

सायली_बाणेर (रात्री २:४७)
दात कसे काय ओळखलंत माहीत नाही पण हो, डेंटिस्ट म्हणाला रात्री दात खाता, झिजलेत, त्याने रात्रीचं गार्ड दिलंय. केस गळतात, ते पुण्यात सगळ्यांचे गळतात, पाणीच तसं आहे. जाग आली की मी पाठवलेल्या मेल्स परत वाचते, म्हणजे कुठे काही चुकीचं लिहिलं नाही ना, एखादा कॉमा पण चुकलेला दिसला की मग झोप नाही. सकाळच्या कॉलला काय बोलायचं ते अंघोळ करताना पाठ करते पण ते प्रिपरेशन झालं ना, त्याला टेन्शन कसं म्हणायचं? एप्रिलमध्ये प्रमोशन झालं, रेटिंग सगळ्यात वरचं, मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, सासूबाईंच्या गोळ्या, सोसायटीचा हिशोब सगळं वेळेत होतं, एक डेडलाइन आजपर्यंत चुकलेली नाही. ज्यांना ॲन्झायटी असते ते असे उठून कामाला लागतात का? आणि टीमला वाटतं मला सगळं येतं, मला रोज वाटतं आज कळणार यांना.

अभ्या_हडपसर
पावणेतीनला लिहिताय बरं का हे.

शेखर_कर्वेनगर
सहसा वाचनमात्र असतो पण लिहितो. बायको सीए, ऑडिटच्या दिवसांत सुद्धा डबा, पाहुणे, सगळं. आम्ही सगळे "हिला कसं जमतं बुवा" म्हणून कौतुक करायचो. ती घरातून निघायच्या आधी गॅस बघून यायची, लिफ्टमधून परत यायची, मी चेष्टा करायचो. एकदा चांदणी चौकात गाडी बाजूला घेऊन म्हणाली मला श्वास येत नाहीये. हार्टचं सगळं करून झालं, मग तिथल्याच डॉक्टरांनी सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं. तिचंही हेच होतं, काम तर चोख होतंय मग आजार कुठला. अहो, काम चोख होत होतं ते भीतीवरच. आता औषध आणि थेरपी दोन्ही चालू आहे, ऑडिट अजूनही तीच करते.

मुक्ता_के
जीएडी-७ म्हणून ॲन्झायटीसाठी ७ प्रश्नांची चाचणी आहे, मराठीतही मिळते, मागच्या २ आठवड्यांबद्दल विचारतात. ० ते २१ मार्क, १० किंवा वर आले तर दाखवून घ्यायचं. निदान नाही, नुसती चाळणी. आणि ते "आज कळणार यांना" वाटणं, त्यावर १९७८ मध्येच क्लान्स आणि आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पेपर लिहिलाय, कर्तबगार बायकांवरच. 'हाय फंक्शनिंग ॲन्झायटी' (बाहेरून काम चोख, आतून सतत धास्ती) असं निदान मात्र डॉक्टरांच्या पुस्तकात नाही, त्यामुळे कोणी तसं लिहून देणार नाही.

सायली_बाणेर
१६ आले. पण हे प्रश्नच असे आहेत की आमच्या अख्ख्या टीमला १६ येतील.

मुक्ता_के
मग अख्ख्या टीमने दाखवा.

तेजूची_आई
मी प्रेझेंटेशनच्या आधी अर्धी अल्प्राझोलम घेते, मस्त शांत वाटतं. मेडिकलवाला ओळखीचा आहे.

डॉक्टरकाकू
तेजूची आई, हे ताबडतोब बंद... नाही, ताबडतोबही नको, रोज घेत असाल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. सवय लागते त्याची, चिठ्ठीशिवाय द्यायचं औषधच नाही ते. मनाचे डॉक्टर सहसा जी रोजची गोळी देतात तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती मध्येच सोडायची नसते. सौम्य असेल तर नुसत्या सीबीटीनेही (विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी थेरपी) भागतं.

पेठेतले_नाना
बघा, शेवटी गोळ्यांवरच आणलं. समुपदेशक भेटून चार गोष्टी बोललं तरी पुरतं.

गार्गी_सहकारनगर
समुपदेशक म्हणून पाटी कोणीही लावतं नाना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघून घ्या. गोळी लागते की नाही हे सायकिॲट्रिस्टच सांगणार. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

अभ्या_हडपसर
गार्गी आता माझ्या बाजूला आली.

गार्गी_सहकारनगर
होल्टर करून घ्या असंही म्हणतेय मी. बाजू नाही बदललेली.

सायली_बाणेर
सगळ्यांचे आभार. टीएसएच नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.४, लोहाची गोळी चालू केलीये. होल्टर शनिवारी. सायकिॲट्रिस्टची अपॉइंटमेंट गुरुवारी ७ वाजता मिळतेय पण तेव्हा क्लायंटचा कॉल असतो. आणि हे ऑफिसला कळतं का? एचआरकडे जातं का काही?

डॉक्टरकाकू
डॉक्टर तुझ्या परवानगीशिवाय ऑफिसला काही कळवू शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. कंपनीच्या इन्शुरन्समधून बिल लावायचं असेल तर मात्र आधी विचारून घे, ओपीडी बऱ्याच पॉलिसीत नसतेच.

मुक्ता_के
क्लायंटचा कॉल दुसऱ्या कोणालातरी घेऊ दे.

सायली_बाणेर
ज्युनिअरला दिलाय. त्याच्यासाठी नोट्स लिहितेय, चार पानं झाली.

मुक्ता_के
त्या नोट्स गुरुवारी डॉक्टरांना दाखव.

अभ्या_हडपसर
अवांतर: ते दातांचं गार्ड केवढ्याला पडलं? बायको म्हणते मी पण रात्री दात खातो.