साधेच फोटो टाका, पण गाव-महिना लिहा

आपापल्या भागातले फोटो टाकायच्या या धाग्यात वरचा पळसाचा फोटो फारच देखणा आलाय. त्याखाली कुणीतरी विचारलंय, घरच्या ताटाचे, वावरातले साधे फोटो चालतील का? अहो, तेच तर हवेत! आमच्या भंडारा जिल्ह्यात सध्या मोहफुलं पडताहेत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत झाडाखाली सडा, अन् बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला. सोबतच्या फोटोत एक फूल तळहातावर घेतलंय. फिकट पिवळं, फुगीर, रसानं चिकट. दाबलं की बोटांना गोडसर वास बराच वेळ राहतो. अंगणात वाळली की हीच फुलं मनुकांसारखी तपकिरी होतात.

दुसरा फोटो अमरावतीकडच्या रोडग्यांचा, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा. गोवऱ्यांच्या आरात भाजून, राख झटकून फोडलेले, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची भाजी. धुरामुळे तर्री नीट दिसत नाही, पण चव अफाट होती.

एक कळकळीची विनंती. फोटोखाली गाव आणि महिना जरूर लिहा. आमच्या मालगुजारी तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या गावतलावांत, एप्रिलात पाणी कुठवर असायचं, हे पुढं अशाच फोटोंवरून कळेल. मेळघाटाकडच्या कुणाकडे होळीचे फोटो आहेत का?